‘गहाळ’ म्हणजे काय रे भाऊ?

हा लेख लिहावा की नाही यावर आमच्या रूममध्ये दोन रात्री चर्चा झाली. कारण यात फजिती माझी आहे आणि नुकसान माझ्या रूममेटचं. शेवटी तोच म्हणाला, "लिव ना बे, दुसऱ्या कोनाचं तरी भलं होईन." म्हणून लिहितो आहे.

मागच्या सेमिस्टरला मी त्याचा लॅपटॉप दोन दिवसांसाठी घरी, अकोल्याला नेला होता. त्याचे बाबा (आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो) दर्यापूर तालुक्यात खारपाणपट्ट्यात कोरडवाहू शेती करतात. त्या वर्षीचा कापूस विकून त्यांनी पोराला तो लॅपटॉप घेऊन दिला होता. परत येताना मी एसटीत बॅग वरच्या रॅकवर ठेवली. मूर्तिजापूर गेलं आणि मला डुलकी लागली. उतरताना बघतो तर बॅग नाही!

पहिल्या पोलीस स्टेशनात विचारलं, "बस कुठून निघाली? मग तिकडे जा. आमची हद्द नाही." दुसऱ्या ठिकाणी निदान बसायला खुर्ची मिळाली. (दोन्ही ठाण्यांची नावं मुद्दाम देत नाही.) तिथे एका कागदावर अर्ज लिहून घेतला, भरभर वाचून दाखवला आणि म्हणाले, कर सही. त्यात लिहिलं होतं, "प्रवासादरम्यान माझा लॅपटॉप गहाळ झाला आहे."

आता माझं शिक्षण सांगायला हवं. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट. मराठी विषय होता, पण त्यात पास झालो की घरी पेढे यायचे. मला वाटलं ‘गहाळ’ हा ‘चोरी’चा सरकारी शब्द असेल. जसं ‘पाऊस’ला ‘पर्जन्यमान’! मी झोकात इंग्रजीत सही ठोकली, थँक यू म्हटलं आणि होस्टेलवर आलो.

तीन आठवड्यांनी विम्याचं उत्तर आलं. पॉलिसी चोरीसाठी आहे. तुमच्या कागदावर वस्तू हरवल्याची नोंद आहे. एफआयआर नाही. क्लेम नामंजूर.

काका त्या रविवारी होस्टेलवर आले होते. कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि एका नजरेत म्हणाले, "गहाळ म्हंजे हरवलं, बाप्पा. चोरी गेलं असं कुठी लिवलं हाये याच्यात? कागद वाचल्याबिगर सही नाई करा लागत." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी हा विषय अभ्यासाला घेतला. जे कळलं ते पुढे देतो आहे.

१) अर्ज, एनसी आणि एफआयआर

पोलीस स्टेशनात आपण तोंडी जे सांगतो त्याचे कागदावर तीन वेगवेगळे अवतार होऊ शकतात.

पहिला, नुसता अर्ज किंवा ‘हरवल्याची नोंद’. यात गुन्हा घडला असं कुणीच म्हणत नाही. म्हणून तपासही नाही. डुप्लिकेट सिमकार्ड किंवा मार्कशीट काढायला हा कागद चालतो, बाकी फारसा उपयोग नाही.

दुसरा, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे आपण ज्याला ‘एनसी’ म्हणतो. किरकोळ शिवीगाळ वगैरे प्रकरणं यात येतात. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस याचा तपास करू शकत नाहीत.

तिसरा, दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर म्हणजे एफआयआर. हिलाच आपल्याकडे ‘फिर्याद’ म्हणतात आणि देणाऱ्याला ‘फिर्यादी’. इथून तपास सुरू होतो, गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, आणि पुढचं सगळं या नंबरवर चालतं.

होस्टेलवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या परिशिष्टाप्रमाणे चोरीला गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर ती चोरी अदखलपात्र धरली जाते. म्हणजे बादली आणि चप्पल विसरा. पण लॅपटॉप, सायकल आणि बहुतेकांचे मोबाईल नक्कीच दखलपात्र. बिल जपून ठेवा, किंमत त्यावरून ठरते.

याच संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलं आहे की तोंडी दिलेली खबर पोलिसांनी लिहून घ्यायची, देणाऱ्याला वाचून दाखवायची, मग त्याची सही घ्यायची, आणि एफआयआरची प्रत त्याला फुकट द्यायची. ‘वाचून दाखवणे’ हा उपकार नाही, कायदा आहे. पण ऐकणाऱ्यालाही शब्द कळले पाहिजेत ना!

२) हद्दीचा प्रश्न

"आमची हद्द नाही" हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस वऱ्हाडात शोधून सापडणार नाही. आमच्या बसच्या बाबतीत तर खरोखरच गुंता होता. बॅग कुठे गेली? मूर्तिजापूरला? बडनेऱ्याला? की मध्येच कुठल्या फाट्यावर?

याचं उत्तर आहे ‘झिरो एफआयआर’. कोणत्याही ठाण्याने खबर घ्यायची, तिला शून्य नंबर द्यायचा आणि ज्याची हद्द असेल त्या ठाण्याकडे पाठवायची. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर वर्मा समितीने याचा आग्रह धरला आणि २०१३ पासून तशा सूचना होत्या. नव्या संहितेत तर ‘गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडला असला तरी’ असे शब्द कलमातच आले. शिवाय खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवता येते. मात्र तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते.

म्हणजे मी ज्या पहिल्या ठाण्यातून मुकाट्याने बाहेर पडलो, तिथेच माझी फिर्याद लिहिली जायला हवी होती.

३) घेतलीच नाही तर?

‘ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार’ या खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला: माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. काही थोड्या प्रकारांतच आधी प्राथमिक चौकशी करता येते. नव्या संहितेनुसार तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने अशी चौकशी करता येते, पण तीही १४ दिवसांत संपवावी लागते.

तरीही नकार मिळाला तर पायऱ्या अशा आहेत.

पहिली पायरी: ठाणेदारांना लेखी तक्रार, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही.

दुसरी पायरी: पोलीस अधीक्षकांकडे टपालाने तक्रार. इथे आपल्या भागाची रचना माहीत पाहिजे. अकोला जिल्ह्याला पोलीस अधीक्षक आहेत. अमरावतीत मात्र शहरासाठी पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीणसाठी वेगळे अधीक्षक. राजापेठ, गाडगेनगर, फ्रेझरपुरा ही ठाणी आयुक्तांकडे. दर्यापूर, अचलपूर ग्रामीण अधीक्षकांकडे. चुकीच्या ऑफिसला पाठवलेला कागद महिनाभर फिरत राहतो.

तिसरी पायरी: मॅजिस्ट्रेट. इथे अर्जासोबत शपथपत्र लागतं, आणि आधीच्या पायऱ्या चढल्याचा पुरावा म्हणजे ती पोच आणि टपालाची पावती लागते. म्हणून ती पावती पुस्तकात खूण म्हणून वापरू नका!

४) अकोल्याच्या मुलाचं प्रकरण

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्या शेजारचंच उदाहरण देतो.

१३ मे २०२३ ला अकोल्याच्या जुने शहर भागात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दंगल झाली. एका माणसाचा जीव गेला. त्याच रात्री १७ वर्षांचा एक मुलगा जखमी झाला. त्याचं म्हणणं असं, की एका माणसावर होणारा हल्ला त्याने पाहिला, म्हणून त्याच्यावरही हल्ला झाला. तो दवाखान्यात होता. पण त्याच्यावरच्या हल्ल्याचा गुन्हा नोंदवला गेला नाही. पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार गेली. तरी नाही. मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. तिथे २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली. मग सर्वोच्च न्यायालय.

११ सप्टेंबर २०२५ ला न्यायमूर्ती संजय कुमार आणि सतीश चंद्र शर्मा यांच्या पीठाने निकाल दिला. गुन्हा नोंदवून विशेष तपास पथकाने तपास करावा आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या पोलिसांवर शिस्तभंगाची कारवाई करावी, असे निर्देश दिले. वर्दी अंगावर चढवली की माणसाने आपला धर्म, जात, आवडनिवड बाजूला ठेवली पाहिजे, अशा अर्थाचं न्यायालयाने बजावलं. पथकात हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाजांचे वरिष्ठ अधिकारी असावेत या निर्देशावर पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकेत त्याच दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले. तो वाद वेगळा. आपल्यासाठी मुद्दा एवढाच: अकोल्याच्या ठाण्यात लिहून घेण्याच्या एका कागदासाठी त्या घराला दिल्लीपर्यंत जावं लागलं, आणि मध्ये दोन वर्षांहून जास्त काळ गेला.

खरं कोण आणि खोटं कोण, हे तपासात ठरायचं असतं. पण कागदच नाही तर तपास कसला?

५) विदर्भाने देशाला दिलेला धडा

थोडं मागे जाऊ. २६ मार्च १९७२. देसाईगंज पोलीस स्टेशन, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. एक आदिवासी मजूर मुलगी घरच्यांसोबत एका तक्रारीसाठी ठाण्यात आली होती. तिथेच दोन पोलीस शिपायांनी अत्याचार केल्याची तिची फिर्याद होती. कायद्याच्या पुस्तकात हा ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयाने शिपायांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ काढला गेला.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारासाठी वेगळी, कडक तरतूद आली, आणि अशा खटल्यात बाई ‘संमती नव्हती’ म्हणत असेल तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं असं ठरलं. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. पण आज आपल्या लेडीज होस्टेलमधल्या प्रत्येकीच्या पाठीशी जो कायदा आहे, त्याच्या मुळाशी तिची फिर्याद आहे.

६) पोलिसाविरुद्धच तक्रार असेल तर?

२२ सप्टेंबर २००६ च्या ‘प्रकाश सिंग’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. ही याचिका करणारे प्रकाश सिंग स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक, हे विशेष! सातांपैकी एक निर्देश म्हणजे पोलीस तक्रार प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य पातळीवर आणि विभागीय पातळीवर अशी प्राधिकरणं ठरवली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष निवृत्त उच्च न्यायालय न्यायमूर्ती. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, नियम न पाळता अटक, लाच, खंडणी, अधिकाराचा गंभीर गैरवापर अशा तक्रारी इथे करता येतात. कॉन्स्टेबलने उद्धट उत्तर दिलं एवढ्यासाठी हे नाही. त्यासाठी ठाणेदार आणि अधीक्षक आहेत.

मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत. आणि पुरावा? २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस स्टेशनात सीसीटीव्ही लावायला आणि त्याचं चित्रण १८ महिने, अगदीच शक्य नसेल तर किमान एक वर्ष, ठेवायला सांगितलं आहे. म्हणून ठाण्यात गेल्याची तारीख आणि वेळ डायरीत लिहून ठेवा.

पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. यांच्या सापळ्यामागे आपल्या फर्स्ट इयरचीच केमिस्ट्री आहे! नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात. नोटा घेणाऱ्याचे हात पंचांसमोर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात धुतले की पाणी गुलाबी. आम्ही टायट्रेशनला जो गुलाबी रंग आला की खूश व्हायचो, तोच.

पण आपणही साधे नाही. माझ्याच एका मित्राने सल्ला दिला होता, "पाचशेची नोट सरकव, एफआयआर होऊन जाईल." २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारासुद्धा गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. चौकात ट्रिपल सीट पकडलं की चिरीमिरी देऊन सुटायचं आणि होस्टेलवर येऊन ‘सिस्टिम भ्रष्ट आहे’ म्हणायचं, हे आपण किती वेळा करतो? लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं. हेल्मेट मात्र डिजिलॉकरमध्ये ठेवता येत नाही.

७) नाण्याची दुसरी बाजू

पोलीस एफआयआर टाळतात तरी काहून? मला दुसऱ्या ठाण्यातल्या एका जमादारांनीच सांगितलं. गुन्हा नोंदवला की तो ठाण्याच्या आकड्यात चढतो. आकडा वाढला की वरून विचारणा. तपास लागला नाही की पुन्हा विचारणा. हातात माणसं कमी. त्यात गणपती, निवडणूक, व्हीआयपी दौरा. बारा बारा तास ड्यूटी. (मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस स्टेशनात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला, तेव्हा त्याची बातमी झाली होती. आठ तास काम ही बातमी व्हावी, यातच सगळं आलं!)

हे ऐकून मला वाईट वाटलं, पण पटलं नाही. मीटर काढून ठेवलं म्हणून वायरमधला करंट शून्य होत नाही. उलट धोका वाढतो. कोणत्या बसला, कोणत्या स्टँडवर चोऱ्या होतात हे कागदावर आलंच नाही तर बंदोबस्त लावणार कुठे? आकडा वाढला म्हणून ठाणेदाराला झापणारा साहेब आणि मार्क कमी पडले म्हणून सबमिशनची रीडिंग ‘ॲडजस्ट’ करायला लावणारी पद्धत, दोन्ही सारखेच. आणि ती रीडिंग आपणच ॲडजस्ट करतो.

८) पुढे काय झालं?

मी मराठीत, हाताने, चार वेळा खोडून एक तक्रार लिहिली. काकांनी फोनवर ऐकून दोन शब्द बदलायला लावले. ‘गहाळ’ची चूक, बसची वेळ, तिकीट, लॅपटॉपचा सिरियल नंबर सगळं घातलं आणि रजिस्टर पोस्टाने वरिष्ठ कार्यालयाला पाठवली. अकराव्या दिवशी ठाण्यातून फोन आला. त्याच जमादारांनी जबाब लिहून घेतला. या वेळी मी म्हटलं, "सर, मी स्वतः वाचतो." मला वीस मिनिटं लागली. ते थांबले. मधे एक शब्द अडला, तर म्हणाले, "इच्यार ना लेकरा, लाजतो कायले?" एफआयआर झाली, प्रत फुकट मिळाली.

लॅपटॉप सापडलेला नाही. क्लेम पुन्हा पाठवला आहे, उत्तर यायचं आहे. तोपर्यंत मी संध्याकाळी दोन ट्यूशन घेतो आणि दर महिन्याला रूममेटच्या हातात पैसे ठेवतो. तो म्हणतो, "राहू दे बे." मी ठेवतोच. तपासात काय झालं हे फिर्यादीला ९० दिवसांत कळवायचं असतं, असंही संहितेत आहे. मी कॅलेंडरवर खूण केली आहे.

शेवटी, होस्टेलच्या नोटीस बोर्डासाठी माझी छोटी डिक्शनरी:

गहाळ: हरवलेलं. चोरी नव्हे, नव्हे, नव्हे!
फिर्याद: एफआयआर म्हणून दिलेली खबर.
जबाब: तुमचं लिहून घेतलेलं म्हणणं. वाचा, मगच सही.
पुरवणी जबाब: आधी राहून गेलेलं नंतर सांगणं.
पंचनामा: साक्षीदारांसमोर जागेची किंवा वस्तूची केलेली नोंद.
दखलपात्र: ज्याचा तपास पोलिसांनी स्वतःहून करायचा तो गुन्हा.
पोच: तुमचा कागद मिळाल्याचा पुरावा. हिच्याशिवाय ठाण्याबाहेर पाऊल नाही.
११२: तातडीची मदत. १५१००: मोफत विधी सेवा.

आमच्या सरांना एक विनंती आहे. दरवर्षी इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण पॉवर स्टेशन बघायला जातो. एकदा पोलीस स्टेशन पण बघू या. ठाणेदार साहेबांना बोलावून एफआयआरचा कोरा फॉर्म वर्गात दाखवू या. गरज पडेल तेव्हा पहिल्यांदा बघायला लागू नये, एवढंच.

आणि माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना एकच सांगणं: मराठीत पास झालो म्हणजे मराठी आली असं नाही. काका दहावीपर्यंतच शिकलेत. पण त्या खोलीत कागद वाचता येणारे ते एकटेच होते.